बारा हजार, दोन बस आणि माझी हिशोबाची वही

गल्लीतल्या तीन-चार जणींनी ताईच्या स्कॉलरशिपबद्दल वेगवेगळं विचारलं आणि प्रत्येकीला मशीन थांबवून सांगत बसले तर ब्लाऊज कोण शिवणार, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आमच्या ताईला (माझी मोठी लेक, धाकटा तिला ताई म्हणतो म्हणून आता आम्ही सगळेच म्हणतो, मी पण) नववीपासून एनएमएमएसची (कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार पोरांसाठीची केंद्र सरकारची) स्कॉलरशिप आहे, आता ती अकरावीला आहे. आणि खरं सांगू का, परीक्षा पास होणं हे यातलं सगळ्यात सोपं काम होतं.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आठवीत परीक्षा असते, पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, दोन पेपर, एक बुद्धिमत्तेचा आणि एक शाळेच्या विषयांचा, ९०-९० प्रश्न. पोरगं सरकारी, महापालिकेच्या नाहीतर अनुदानित शाळेत पाहिजे, घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत आणि सातवीला ५५ टक्के. अख्ख्या राज्याला ११,६८२ जागा, त्यात नंबर लागला की नववी ते बारावी महिन्याला १००० धरून वर्षाचे १२,००० पोराच्या खात्यात. २०१७ च्या आधी ५०० च होते म्हणे महिन्याला.

त्या बुद्धिमत्तेच्या पेपरची एक गंमत सांगते. त्यात कागदाची घडी घालून कोपरा कापला तर उघडल्यावर कसा दिसेल असे प्रश्न येतात. ताई रात्री माझ्या मशीनशेजारी खाली बसून सोडवायची, एकदा वैतागून तिनं पुस्तक माझ्यापुढं धरलं. मी बघितलं आणि म्हटलं, अगं हे तर गळ्याचं कटिंग आहे, दोन घड्या आहेत, इथं कात्री लागली की चारही बाजूंना पडणार, तिसरं चित्र. बरोबर आलं. मग काय, आकृतीचा प्रश्न अडला की मम्मी. आकड्यांच्या मालिकेत मात्र माझी बोंब, तिथं मी सरळ हात वर केले.

आणि हे पण ऐका, शेजारच्या पोरीचा नंबर लागला नाही पण ती परीक्षेत पास होती आणि त्यांचा कुणबीचा दाखला होता, तर तिला सारथीकडून (मराठा-कुणबी पोरांसाठीची राज्य सरकारची संस्था) मिळाली, महिन्याला ८०० म्हणजे वर्षाचे ९,६००. नववी ते बारावीच. तिच्या आईनं निकाल बघून पोरीला धपाटा घातला होता आणि नंतर शाळेतून फोन आला. म्हणजे यादीत नाव नाही म्हणून लगेच रडारड करू नका, आधी मराठा-कुणबी वगैरे बसतंय का ते शाळेत विचारा.

नववीचं फार काही नाही, शाळेतल्या सरांनी स्वतः बसून फॉर्म भरला, उत्पन्नाचा दाखला तेवढा सेतूतून आणला, बँकेत खातं उघडलं, आणि पैसे उशिरा का होईना आले. आम्हाला वाटलं आता चार वर्षं असंच चालणार. इथंच चुकलं. दरवर्षी नव्यानं रिन्यूअल करावं लागतं एनएसपीवर, म्हणजे नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. एक वर्ष विसरलं की गेलं.

दहावीच्या वर्षी ओटीआर आला, म्हणजे त्याच पोर्टलवरचं वन टाइम रजिस्ट्रेशन. चौदा आकडी नंबर असतो, एकदाच काढायचा, पण तो काढायला मोबाईलसमोर चेहरा दाखवावा लागतो, आधारवरचा फोटो आणि चेहरा जुळला तरच पुढं. आता ताईचं आधार काढलेलं ती पाच-सहा वर्षांची असताना, त्यात दोन बो बांधलेल्या, पुढचा एक दात पडलेला. आणि समोर उभी पंधरा वर्षांची घोडी. कशाला जुळतंय! आम्ही ट्यूबलाइटखाली केलं, बाल्कनीत केलं, गच्चीवर जाऊन केलं, ते ॲप म्हणतं डोळे मिचकवा, ती मिचकवते, परत म्हणतं मिचकवा, धाकटा मागं उभा राहून हसतोय, शेवटी ती रडायला लागली की मम्मी मी मीच आहे ना. नंतर कळलं की वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे, डोळे, फोटो सगळं नव्यानं द्यायचंच असतं आणि पंधरा ते सतरामध्ये ते फुकट होतं. पोस्टात सकाळी लवकर टोकन घेऊन करून आलो. अपडेट व्हायला काही दिवस गेले आणि मग एका झटक्यात चेहरा जुळला, खिडकीत बसून, मागं कुकरच्या शिट्ट्या चालू.

ओटीपीचं वेगळंच रामायण. आधारला नंबर ह्यांचा जोडलेला. हे इथंच नाशिकच्या अंबडला कंपनीत, कॉन्ट्रॅक्टवर, आत मोबाईल नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवायचा. म्हणजे दिवसा मी सायबर कॅफेत बसलेली आणि ओटीपी लॉकरमध्ये वाजतोय. दोनदा असं झाल्यावर मी ठरवलं की फॉर्मचं काय असेल ते ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी नाहीतर रात्री. आता तिच्या आधारला ह्यांच्याऐवजी माझा नंबर जोडलाय, हे आधीच करायला पाहिजे होतं.

मग दहावीचा निकाल, १३ मे २०२५. ७४.६० टक्के. एनएमएमएस पुढं चालू ठेवायला दहावीला ६० लागतात (एससी-एसटीच्या मुलांना ५५) म्हणजे तिथं प्रश्न नव्हता. प्रश्न घरात होता. संध्याकाळी पेढे घेऊन मोठ्या जाऊबाई आल्या आणि पेढा तोंडात असतानाच म्हणाल्या, आमच्या ओळखीत साड्यांच्या दुकानात मुलगी पाहिजे, सात हजार देतात, कॉलेज काय बाहेरून पण होतं. हे गप्प. ह्यांचा पगार हातात पंधरा-सोळा येतो, त्यात साडेपाच हजार खोलीचं भाडं, त्यामुळं हे गप्प का होते ते मला कळत होतं आणि त्याचाच मला राग येत होता. तेव्हा ताई आतून पाणी घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, माझे महिन्याला हजार येतात ना काकू, मी फुकट नाही शिकत.

जाऊबाईंनी विषय बदलला. सात हजारापुढं एक हजार म्हणजे काहीच नाही हे मला पण कळतं. पण ते तिच्या नावावर होते आणि ती शिकत होती म्हणूनच होते, दुकानात गेली असती तर बंद. त्या दिवशी त्या हजाराचं वजन सात हजाराएवढं पडलं आमच्या घरात.

आता खरी गोष्ट, जी कुणीच सांगत नाही. अकरावीला कॉलेज कुठलं घेता त्यावर स्कॉलरशिप राहणार की जाणार ते ठरतं. सरकारी, महापालिका नाहीतर अनुदानित, यातच शिकत राहिलं पाहिजे. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यितला गेलं की बंद. डिप्लोमा, आयटीआयला गेलं तरी बंद कारण ही फक्त नववी ते बारावीसाठी आहे. माझ्या भावाच्या मुलाचं तसंच झालं, तो पॉलिटेक्निकला गेला. त्याचं अगदीच वाईट झालं नाही म्हणा, महाडीबीटीवर (राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल) राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर निम्मी ट्यूशन फी सुटते, ती त्याला मिळाली. पण त्याच्या घरी हे आधी माहीत असतं तर वर्षभर एनएमएमएसची वाट तरी बघितली नसती.

आणि घोळ असा की कॉलेज एकच, गेट एकच, नाव पण एकच, पण आत सायन्सची एक तुकडी अनुदानित आणि दुसरी स्वयंअर्थसहाय्यित असू शकते. ॲडमिशनच्या वेबसाइटवर दोन्ही वेगवेगळ्या ओळीत दिसतात, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नाशिक शहरात अकरावी आधीपासून ऑनलाइनच होती पण २०२५ पासून अख्ख्या राज्यात झाली, १०० रुपये भरून रजिस्ट्रेशन, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा पसंती. आम्ही मायलेकींनी रात्री बसून दहा भरल्या, पहिली टाकली घराजवळचं, चालत दहा मिनिटं, मी तर खूश, पोरगी डोळ्यासमोर राहील. सहज म्हणून जुन्या शाळेच्या सरांना यादीचा फोटो पाठवला. रात्री सव्वादहाला सरांचा फोन. पहिलाच प्रश्न, ती तुकडी कुठली आहे ते बघितलं का? स्वयंअर्थसहाय्यित होती. फी चौदा हजार आणि वरून स्कॉलरशिप बंद. आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथंच घ्यावं लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर.

लॉक करायच्या आधी सगळी यादी बदलली. एकेक ओळ वाचून, फक्त अनुदानित. त्यात तिसऱ्या पसंतीचं लागलं, पंचवटीच्या बाजूला. आमच्या पवननगरपासून सीबीएस (शहरातलं मुख्य बसस्टँड) आणि तिथून दुसरी बस. कुंभमेळ्याची कामं चालू म्हणून रस्ते उकरलेले, कधी पाऊण तास तर कधी दीड तास. ताई पहिल्या आठवड्यात रोज तोंड पाडून यायची, मला म्हणाली जवळचं सोडून हे कशाला घेतलं. मी वही काढली आणि दाखवलं, चौदा हजार जाणार होते आणि बारा हजार येणार नव्हते, किती झाले? सव्वीस, म्हणाली. मग बसमध्ये बसून केमिस्ट्री पाठ कर म्हटलं. (करत नाही, झोपते.)

ऑगस्टमध्ये रिन्यूअलसाठी कॉलेजात गेले. खिडकीवरचे भाऊसाहेब म्हणाले, आमच्याकडं स्कॉलरशिप म्हणजे महाडीबीटी, तुमचं हे शाळेचं असतं, शाळेत जा. शाळेत गेले. सर बिचारे म्हणाले, ती आता आमच्या लॉगिनला दिसणारच नाही, नव्या कॉलेजनीच व्हेरिफाय करायचं. त्यांनी एका चिठ्ठीवर कॉलेजचा अकरा आकडी युडायस कोड (प्रत्येक शाळा-कॉलेजचा सरकारी नंबर) लिहून दिला आणि एनएसपीवर काय काय करायला लागतं ते लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन परत कॉलेजात. भाऊसाहेब सुट्टीवर. तिसऱ्यांदा गेले तर कळलं की कॉलेजच्या ज्या सरांना नोडल, म्हणजे पोर्टलवर फॉर्म तपासायला, नेमलंय त्यांचं आधारवरचं बोटांचं प्रमाणीकरणच राहिलंय, ते झाल्याशिवाय कॉलेजचं लॉगिनच चालू होत नाही. कधी होईल? बघू.

बघू या शब्दावर माझे तीन अर्धे दिवस गेले, आणि अर्धा दिवस म्हणजे एक अस्तरचं ब्लाऊज, तीनशे रुपये.

मग ताईनंच डोकं चालवलं. वर्गात उभी राहून विचारलं, एनएमएमएस कुणाकुणाला आहे. दोन मुली निघाल्या, एक मखमलाबादची आणि एक आडगावची, दोघींच्या घरी पण हाच गोंधळ. तिघींच्या आया मिळून गेलो. मी, एक भाजीवाली ताई तिची पाटी बहिणीकडं देऊन आलेली, आणि एक जण कडेवर लहान घेऊन. एकटी होते तेव्हा खिडकीतून बोलणारे भाऊसाहेब तिघींना बघून बाहेर आले, खुर्च्या दिल्या, चहाचं पण विचारलं. आम्ही भांडलो नाही हां, सरांची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हटलं शेवटची तारीख जवळ आली, तिघींचे मिळून वर्षाला छत्तीस हजार आहेत, तुमच्या एका अंगठ्यावर अडलेत. पाच दिवसांनी नोडल सरांचं झालं. तारीख पण वाढली होती सप्टेंबरअखेरपर्यंत, नाहीतर बसलो असतो.

फॉर्म भरला. आठ दिवसांनी स्टेटस, डिफेक्टिव्ह. माझ्या पोटात गोळा. बघितलं तर कॉलेजनी बरोबरच परत पाठवला होता, ताईनं दहावीच्या मार्कशीटऐवजी नववीचा निकाल चढवला होता, घाईत, बसमधून, मोबाईलवरून. मी काही बोलले नाही, फक्त दोन दिवस मोबाईल माझ्याकडं ठेवला. दुरुस्त करून परत सबमिट केला आणि कॉलेजकडून व्हेरिफाय झाला, मग जिल्ह्याकडून पण. डिफेक्टिव्ह आलं म्हणजे रिजेक्ट नाही, तारखेच्या आत दुरुस्त करता येतं, पण त्यासाठी अधूनमधून लॉगिन करून बघावं लागतं. मी दर सोमवारी बघायचं ठरवलं, दुपारी, लाइट गेली की. आमच्याकडं गेली की मशीन बंदच असतं.

हे सगळं करताना माझ्या लक्षात आलं की दहावीचेच बारा हजार अजून पासबुकात नाहीत. पोर्टलवर पेमेंट झालेलं दिसतंय. मग खाली खात्याचे शेवटचे चार आकडे दिसले, ते आमचे नाहीतच! आधी वाटलं कुणीतरी खाल्ले. दोन रात्री झोप नाही. ह्यांना सांगायची पण हिंमत नाही.

झालं असं होतं की मागच्या उन्हाळ्यात भाजीबाजाराशेजारी छत्री लावून दोन पोरं बसली होती, झिरो बॅलन्सचं खातं, आधार आणि अंगठा, दोन मिनिटात, वर पाण्याची बाटली फुकट. ताईचं पण उघडलं होतं मीच, बाटलीसाठी म्हणा ना. हे स्कॉलरशिपचे पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधारला शेवटचं जे खातं जोडलं असेल तिथं जातात. त्या पोरांनी खातं उघडताना आधार तिकडं जोडून टाकलं आणि पैसे निमूट तिकडं जाऊन बसले. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, तिथं कुठली बँक जोडलीय ते नावासकट दिसतं, हे मला सायबरवाल्यानं दाखवलं, दोन मिनिटात. दोन रात्री फुकट जागले.

पैसे होते. कार्डाचे काहीतरी कापून ११,७६४. ते काढले आणि जुन्या बँकेत सीडिंगचा फॉर्म दिला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, दोन दिवसात होईल मावशी. एकवीस दिवस लागले, मी वहीत लिहून ठेवलंय, चार चकरा. चौथ्या वेळी मी तिथंच बसून स्टेटस उघडून दाखवलं तेव्हा तिनं माझ्यासमोर केलं. म्हणजे काम दोन मिनिटांचंच होतं.

त्या पैशातून चष्मा झाला, चौदाशेचा, फळा दिसत नव्हता तिला आणि सांगत नव्हती. अकरावी सायन्सची पुस्तकं जुनी घेतली, जर्नल नवीन लागतात ती घेतली, बसचा पास, आणि दोन हजार तिनं ठेवून दिले बारावीच्या फॉर्मसाठी. एक ड्रेस घे म्हटलं तर म्हणाली तू शिव. कापड आणलंय, अजून शिवलेला नाही, गिऱ्हाइकांचं होऊ दे.

आता या वर्षीचा हिशोब, खर्चाच्या बाजूचा. बस आणि रिक्षा ४१०, झेरॉक्स-प्रिंट १६५, सायबर १५०, फोटो ६०. चार अर्धे दिवस मशीन बंद, अर्ध्या दिवसाचे तीनशे धरले तर १,२००. एकूण १,९८५. जमेच्या बाजूला अकरावीचे १२,००० अजून यायचेत, ती ओळ कोरी आहे. स्टेटसला जिल्हा व्हेरिफाय इतकंच दिसतंय. मागच्या वेळी पण उशीर झाला होता म्हणून मी फार घाबरत नाही, पण सोमवार चुकवत नाही.

धाकटा आता आठवीला आहे, त्याच शाळेत. त्याचं आधार मी आत्ताच काढून बघितलं, फोटोत तो भोकाड पसरून रडतोय.

कुणाचं अकरावीचं अडलं असेल तर दुपारी तीननंतर या, सकाळी मशीन चालू असतं. येताना आधारला जोडलेला मोबाईल घेऊन या, चार्ज करून. झेरॉक्सचा गठ्ठा नको.